पत आणि पत्र

मी आजवर पुष्कळ खोटं लिहिलेलं आहे. शाळेत असताना वडिलांच्या सहीने ‘चिरंजीव तापाने आजारी असल्यामुळे’ लिहिलं. बँकेत लागल्यावर रजेचे अर्ज लिहिले. माझ्या एकाच वर्षाच्या अर्जांत चुलतसासऱ्यांचं वर्षश्राद्ध तीनदा आलं आणि चुलतसासरे अजून दणदणीत हयात आहेत. घरच्या कार्याच्या पत्रिकेत ‘कृपया आहेर आणू नये’ असं छापलं आणि आहेर लिहून घ्यायला मेव्हण्याला वही देऊन दाराशी बसवलं. पण या खोट्याचं मला फारसं काही वाटत नाही. लिहिणाऱ्याला ते खोटं आहे हे ठाऊक असतं, वाचणाऱ्यालाही ठाऊक असतं, त्यामुळे कुणाची फसवणूक होत नाही.

मला लाज वाटते ती निराळ्याच खोट्याची. आमच्या क्लबचा चिटणीस म्हणून गेली काही वर्षं मी जी परिचयपत्रं लिहिली, त्यांची. गाव सोडून जाणाऱ्या सभासदाला दुसऱ्या गावच्या क्लबासाठी द्यायचं ते ओळखीचं पत्र. हे प्रकरण दिसायला अगदी सोज्वळ असतं. लेटरहेड असतं, शिक्का असतो, ‘सप्रेम नमस्कार’ असतो. आणि त्या नमस्काराखाली जो मजकूर असतो त्यात तारीख सोडली तर काहीही खरं नसतं. या पत्रांविरुद्ध मला आज फिर्याद दाखल करायची आहे. आरोपी क्रमांक एक मीच आहे, तेव्हा पक्षपाताचा संशय कुणी घेऊ नये.

आमचा क्लब साताऱ्यातला. तो रोटरी नव्हे आणि लायन्सही नव्हे. रविवारी सकाळी अजिंक्यतारा चढायचा, संध्याकाळी कॅरम आणि पत्ते, महिन्याला एक व्याख्यान, वर्षाला एक सहल आणि कोजागरी, एवढाच आमचा पसारा. परिचयपत्राची पद्धत आम्ही मोठ्या क्लबांकडे बघून उचलली. मला चिटणीस केलं ते ‘बँकेतला माणूस, लिहायची सवय आहे’ म्हणून. वास्तविक बी.कॉम. झाल्यापासून मी सलग लिहिलेला सर्वांत मोठा मजकूर म्हणजे चेक परत करताना लिहायचं ‘अपुरी शिल्लक’ हा होय.

तरी परिचयपत्राची भाषा मला आठवड्याभरात साधली. कारण ती भाषा नव्हेच, ती गुप्तलिपी आहे. नव्या चिटणिसांच्या सोयीसाठी तिचा थोडासा कोश इथे देतो. ‘मनमिळाऊ’ म्हणजे ज्यांना स्वतःचं मत नाही. ‘स्पष्टवक्ते’ म्हणजे तोंडाळ. ‘अभ्यासू वक्ते’ म्हणजे माईक एकदा हातात आला की तो दोघांनी मिळून काढून घ्यावा लागतो असे. ‘हरहुन्नरी’ म्हणजे एकही गोष्ट धड येत नाही. ‘निगर्वी’ म्हणजे गर्व करावा असं जवळ काही नाही. ‘सदैव हसतमुख’ म्हणजे वर्गणी मागितली तरी हसतात, आणि हसण्यापलीकडे काही देत नाहीत. ‘प्रत्येक उपक्रमात हिरिरीने सहभाग’ म्हणजे सहल आणि कोजागरी चुकवत नाहीत. आणि ‘त्यांची उणीव आम्हाला सतत भासेल’ हे वाक्य तर आम्ही ठेवणीतलं म्हणून जपलं होतं. ज्यांच्या निरोपाच्या दिवशी कार्यकारिणीने स्वखर्चाने कंदी पेढे वाटले, अशा मोजक्या सभासदांनाच ते मिळालं.

हसण्यासारखं आहे, आम्हीही हसायचो. हसू बंद झालं ते असंच एक पत्र उलट दिशेने आमच्याकडे आलं तेव्हा.

एक गृहस्थ परगावहून साताऱ्यात राहायला आले. गावाचं नाव सांगत नाही. सोबत तिथल्या क्लबचं पत्र होतं. ‘संघटनकुशल’, ‘रसिक’, ‘आर्थिक व्यवहारात काटेकोर’. माझ्याच लिपीतलं पत्र, पण बघा, मलाही ते वाचता आलं नाही. स्वतः भेसळ करणारा दूधवाला दुसऱ्याच्या दुकानात चहा प्यायला बसला की दूध चांगलं आहे असंच धरून चालतो, तशातला प्रकार. आम्ही त्यांना सहलप्रमुख केलं. सहा महिन्यांत संघटनकौशल्य दिसलं, कारण क्लबात आजवर एकच गट होता, तो जाऊन दोन झाले. काटेकोरपणा त्यानंतर दिसला. ठरल्या दिवशी पहाटे पाच वाजता आम्ही बावीस जण पोवई नाक्यावर डबे, थर्मास, कानटोप्या घेऊन उभे होतो. साडेसात वाजले तरी बस आली नाही. ती येणारच नव्हती. गोळा केलेले पैसे बसवाल्यापर्यंत पोचलेच नव्हते. पुढे ते हप्त्याहप्त्याने वसूल झाले, तो भाग निराळा.

मी रागारागाने त्या गावच्या चिटणिसांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, “अहो, आमच्याकडेही अस्संच झालं होतं. म्हणून तर पत्र जरा बरं लिहिलं.”

पण खरी लाजेची गोष्ट ही नाहीच. लाजेची गोष्ट पुढेच आहे. दोन वर्षांनी त्या गृहस्थांनी साताराही सोडला. अध्यक्षसाहेब म्हणाले, “झकास पत्र द्या, ब्याद जाते आहे.” आणि आम्हाला आलं होतं त्याहूनही सुरेख पत्र मी लिहून दिलं. ‘सहलींच्या आयोजनाचा दांडगा अनुभव’ हे शब्द माझे आहेत. आता कुठल्याशा गावी, कुठल्याशा नाक्यावर, पहाटे पाच वाजता वीसबावीस माणसं कानटोप्या घालून उभी असतील, तर त्यांना तिथे मी उभं केलं आहे. त्यांच्यात एखादी म्हातारी असेल, आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघायला निघालेली. मला झोपेत कधी कधी तो नाका दिसतो.

आता तुम्ही म्हणाल, बँकेतल्या माणसाला ओळखीची किंमत कळू नये? अहो, कळायला हवी होती. आमच्या धंद्याचा पायाच तो आहे. मी नोकरीला लागलो तेव्हा खातं उघडायच्या फॉर्मावर ‘ओळख देणारा’ असा एक रकाना असायचा. जुन्या खातेदाराने तिथे सही करायची, की हा माणूस मला माहीत आहे. कायद्याच्या दृष्टीने ती जामीनकी नव्हती, पण बँकेने डोळे झाकून खातं उघडलं नाही असं उद्या कोर्टात दाखवता यावं म्हणून ती सही हवी असायची. रिझर्व्ह बँकेने २००२ साली ‘आपला ग्राहक ओळखा’ असा दंडक घालून दिला आणि हळूहळू तो रकाना मावळला. मावळला ते बरंच झालं. आमच्या शाखेबाहेरचा चहावाला एका स्पेशल चहावर कुणाचीही ओळख द्यायचा. त्याच्या ओळखीवर निम्मं गाव आमचं खातेदार होतं आणि तो त्यातल्या निम्म्यांना उधारीही देत नव्हता.

एका बँकेने दुसऱ्या बँकेला गिऱ्हाइकाबद्दल मत कळवायचं, हीसुद्धा आमच्याकडची जुनी रीत. इंग्रजी बँकांनी त्यासाठी ठरावीक शब्द पाडून ठेवले. ‘अनडाउटेड’ म्हणजे निःशंक द्या. ‘कन्सिडर्ड गुड’ म्हणजे द्या, पण उशाला ठेवून झोपू नका. आणि ‘वी कॅनॉट स्पीक फॉर युवर फिगर्स’, म्हणजे तुमच्या आकड्याबद्दल आम्ही बोलू शकत नाही, असं आलं की शहाण्या मॅनेजरने तिजोरीची किल्ली खिशात टाकून घरी जावं. गुप्तलिपी ही पण होतीच. पण दोन्हीकडे तिचा कोश एकच होता. लिहिणाऱ्याला जे म्हणायचं, तेच वाचणाऱ्याला कळायचं. आमच्या ‘मनमिळाऊ’चं तसं नाही. खऱ्या मनमिळाऊ माणसालाही आम्ही तेच लिहितो आणि बस न आणणाऱ्यालाही तेच. म्हणजे आम्ही वाईट माणसाचं भलं करत नाही, आम्ही चांगल्या माणसाचं विशेषण चोरून वाईट माणसाला देतो. एकच नंबर दोन नोटांवर छापला तर खरी नोटही बाजारात कुणी घेत नाही, हे सांगायला बी.कॉम. व्हावं लागत नाही.

आमच्या १८८१च्या पराक्राम्य संलेख अधिनियमात (हे नाव मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं, ते असं उपयोगी पडलं) चेक दुसऱ्याच्या नावे करताना पाठीमागे सही करायची सोय आहे. ती सही फुकटची नसते. पुढे चेक वटला नाही तर ज्याच्या हाती तो असेल तो माणूस सही करणाऱ्याच्या दारात उभा राहू शकतो. ज्याला ती जबाबदारी नको असेल त्याने ‘सान्स रिकोर्स’ असं लिहावं, म्हणजे मागाहून माझ्याकडे येऊ नका. माझं म्हणणं एवढंच आहे, की परिचयपत्र म्हणजे माणसाच्या पाठीवर केलेली सही आहे. वटेल अशी खात्री असेल तर करा. नसेल तर ‘सान्स रिकोर्स’ लिहायचा तरी प्रामाणिकपणा दाखवा.

तो प्रामाणिकपणा दाखवणारा एक माणूस होऊन गेला. अमेरिकेचा बेंजामिन फ्रँकलिन. १७७७ साली तो पॅरिसमध्ये होता आणि अमेरिकेला निघालेले फ्रेंच लोक शिफारसपत्रासाठी त्याचं दार झिजवत होते. त्याने वैतागून एक नमुन्याचं पत्रच तयार करून ठेवलं. त्याचा आशय असा, की हे पत्र आणणाऱ्याला मी ओळखत नाही, त्याचं नावही मला माहीत नाही, त्याच्या गुणांबद्दल त्यालाच विचारा, कारण त्याविषयी माझ्यापेक्षा त्याला नक्कीच जास्त माहिती असेल. ही गंमत त्याला सुचली, कारण तो पोळलेला होता. अठराव्या वर्षी, १७२४ साली, पेनसिल्व्हेनियाच्या गव्हर्नराने ‘तुला लंडनला ओळखीची पत्रं देतो’ असं सांगून त्याला बोटीत बसवलं. बोट लंडनला पोचली आणि टपालाच्या पिशवीत त्याच्या नावाचं एकही पत्र निघालं नाही. बोटीवरच्या एका व्यापाऱ्याने त्याला सांगितलं, की त्या गव्हर्नरला बाजारात पतच नाही, तो तुला काय देणार? मला हे फार पटलं. पत्र द्यायला आधी पत लागते. मराठी भाषेने हे दोन शब्द एकाच घरातले वाटावेत असे उगीच नाही ठेवले.

तर अशा सगळ्या पश्चात्तापात मी असताना आमच्या खजिनदारांनी सातारा सोडायचं ठरवलं. एस.टी.त हिशेबनीस म्हणून नोकरी झाली, निवृत्तीही झाली, आता मुलीजवळ सांगलीला राहायचं म्हणाले. कार्यकारिणीत क्षणभर शांतता पसरली आणि मग सर्वांनी एकदम वाईट वाटून घ्यायला सुरुवात केली. सुटका झाल्याचा आनंद माणसं अशीच लपवतात.

कारण हे खजिनदार म्हणजे एक प्रकरणच होतं. वर्गणी थकली की रस्त्यात थांबवून विचारायचे, आणि बरोबर व्याही आहेत की साहेब, हे बघायचे नाहीत. कॅरमच्या पावडरीच्या डब्याचीही पावती मागायचे. चहाचे कप मोजायचे. अध्यक्षसाहेबांनी दोन पाहुण्यांना क्लबच्या खात्यावर चहा पाजला, तर महिन्याच्या हिशेबात ‘अध्यक्षांकडून येणे : चहा २’ असं मांडून फळ्यावर लावायचे.

अध्यक्षसाहेब मला म्हणाले, “चिटणीस, फर्स्टक्लास पत्र टाका. मनमिळाऊ, हसतमुख, सगळं येऊ द्या. सांगलीकरांनी परत पाठवता कामा नये.”

मी घरी येऊन बसलो. ‘मनमिळाऊ’ लिहिलं आणि पेन अडलं. बायको डोकावून म्हणाली, “कोण मनमिळाऊ?” मी सांगितलं. ती म्हणाली, “अहो, परवा ते आपल्या दारात अडीचशे रुपयांसाठी अर्धा तास उभे होते. मी चहा विचारला तर म्हणाले, आधी वर्गणी, चहा नंतर.” मग जरा थांबून म्हणाली, “पण माणूस खरा हो. दुसऱ्या कुणी विचारलंच नसतं.”

खरं म्हणजे साताऱ्याहून सांगलीला जायला ओळखपत्राची गरजच काय, हा प्रश्न मला पडला होता. अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. सांगली जिल्ह्याचं नावच १९६० सालापर्यंत दक्षिण सातारा असं होतं. भाऊबंदच आम्ही. आणि कृष्णामाई तर रोजच्या रोज माहुलीवरून कराडला आणि कराडहून सांगलीला जाते, तिला कुणी पत्र देतं का?

आणि इथेच माझी ट्यूब पेटली. देतं! पावसाळ्यात आमचा सातारा जिल्हा सांगलीला दररोज परिचयपत्र पाठवतो. कोयना धरण आमच्या पाटण तालुक्यात. पोटात १०५ टीएमसी पाणी. दरवाजे उचलले की कोयनेचं पाणी कराडला कृष्णेत येतं आणि तिथून सांगलीकडे निघतं. म्हणून धरणावरून कळवतात, की इतके फूट दरवाजे उघडले, इतके क्युसेक विसर्ग सुरू आहे. सांगलीत लोक आयर्विन पुलाशी पाणी किती फुटांवर आलं ते बघतात. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. ऑगस्ट २०१९मध्ये ते ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा काय झालं ते सांगलीकरांना सांगायला नको.

आता कल्पना करा, की हा निरोप आमच्या क्लबच्या चिटणिसाने लिहिला आहे. ‘सप्रेम नमस्कार. आमच्या येथील ज्येष्ठ व लोकप्रिय नदी आपल्या गावी येत आहे. तिचा स्वभाव अत्यंत मनमिळाऊ असून ती जेथे जाईल तेथे सर्वांत मिसळून जाते. तिचा उत्साह दांडगा असून ती घरोघरी संपर्क ठेवते. आपण तिचे यथोचित स्वागत करालच. तिची उणीव आम्हाला सतत भासेल.’

वाचून हसलो आणि मग अंगावर काटा आला. कारण मी आजवर नेमकं हेच करत आलो होतो. खालच्या गावाला फूट आणि क्युसेक हवे असतात, आणि मी विशेषणं पाठवत होतो.

मग मी ‘मनमिळाऊ’वर काट मारली आणि खजिनदारांची पाणीपातळी मोजायला बसलो. क्लबच्या जुन्या वह्या काढल्या. २०१९च्या त्याच पुराचं पान सापडलं. तेव्हा आम्ही सांगलीसाठी मदत गोळा केली होती. चादरी, धान्य, औषधं असा टेंपो भरून पाठवला. सगळं झाल्यावर खजिनदारांच्या हाती ६९० रुपये उरले. देणगीदार ४६. अध्यक्षसाहेब म्हणाले, कोजागरीच्या दुधात घाला. खजिनदार म्हणाले, पैसे पुराचे आहेत, दुधाचे नाहीत. आणि त्यांनी ४६ पाकिटं आणली, स्वतःच्या पैशाने. प्रत्येकात १५ रुपये घातले, हिशेबाची प्रत घातली, आणि भर पावसात घरोघर जाऊन पाकीट देऊन सही घेतली. आमची कोण चेष्टा झाली! एका डॉक्टरांनी पाच हजार दिले होते, त्यांच्या हातात पंधरा रुपये ठेवून ह्या गृहस्थांनी पोच मागितली. अध्यक्षसाहेब आठवडाभर तोंड लपवून फिरत होते.

वहीचं पान उलटता उलटता मी २०२१वर आलो. त्या जुलैत पुन्हा पूर आला. आम्ही पुन्हा झोळी घेऊन निघालो. वहीत आकडे आहेत. मागच्या खेपेला जी रक्कम जमायला अकरा दिवस लागले, ती ह्या खेपेला दोन दिवसांत जमली. ४६ जणांपैकी एकानेही ‘पैसे कुठे जातात’ असं विचारलं नाही. डॉक्टर म्हणाले, “पंधरा रुपये परत देणारे ते गृहस्थ अजून तुमच्याकडेच आहेत ना? मग पावती नको मला.”

ह्याला म्हणतात पत. ती पंधरा-पंधरा रुपयांनी साठली होती, आमच्या क्लबच्या नावावर साठली होती, आणि साठवणाऱ्याला आम्ही ‘मनमिळाऊ’ म्हणून वाटेला लावणार होतो.

मी नवीन पत्र लिहिलं. ते असं :

‘पत्र आणणारे गृहस्थ नऊ वर्षं आमचे खजिनदार होते. या काळात हिशेबात एक रुपयाची चूक निघाली नाही. दोनदा निघाली असं वाटलं, ती आमची होती. ते हट्टी आहेत. वर्गणी थकवणाऱ्याला चारचौघांत विचारतात. चहाच्या बिलावरून आमच्या अध्यक्षांशी तीन वेळा भांडले, तिन्ही वेळा त्यांचंच बरोबर होतं. त्यांना विनोद कळत नाही आणि कॅरम खेळताना ते सोंगटी हलली असं म्हणतात. त्यांच्याकडे पैसे निःशंक द्यावेत, माईक देऊ नये. डावा गुडघा दुखतो, तरी गडावर यायचे चुकले नाहीत. उतरताना त्यांना आधार लागतो, पण ते मागत नाहीत. आपल्याकडे गड नसला तरी घाटाच्या पायऱ्या आहेत. हात आपण होऊन पुढे करावा.’

अध्यक्षसाहेबांनी वाचलं आणि भडकले. “हे परिचयपत्र आहे का पोलीस पंचनामा? जाणाऱ्याबद्दल चांगलंच बोलावं, एवढी रीत नाही का?”

मी म्हटलं, “साहेब, माणूस सांगलीला चाललाय, स्वर्गाला नव्हे.”

जाणाऱ्याबद्दल चांगलंच बोलावं, हा नियम गेलेल्यांसाठी आहे. गेलेला माणूस पुढच्या गावी जाऊन आपल्याला खोटं पाडत नाही. साहेबांना मोठ्या क्लबांचं भारी कौतुक, म्हणून मी त्यांना रोटरीचाच दाखला दिला. १९३२ साली शिकागोच्या हर्बर्ट टेलर नावाच्या गृहस्थाने, भांडी विकणारी एक बुडायला आलेली कंपनी सावरताना, चार प्रश्न कागदावर लिहिले. पुढे रोटरीने ते आपलेसे केले. जे बोलायचं ते खरं आहे का, सर्वांना न्याय्य आहे का, त्याने स्नेह वाढेल का, आणि सर्वांचं हित होईल का. म्हटलं, “आपली पत्रं फक्त तिसऱ्या प्रश्नाला पास होतात. तेही पहिल्या सहलीपर्यंत.”

“पण दोष कशाला लिहायचे?” त्यांचा प्रश्न.

कारण, साहेब, दोष लिहिल्याशिवाय गुणांवर कुणी विश्वास ठेवत नाही. आणि माणसाचे दोष सांगता येत नसतील तर आपण त्याला ओळखतच नाही, मग ओळख कसली देता? १९१२ साली मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमध्ये कारकुनाची जागा हवी म्हणून एका एफ.ए. नापास मुलाने अर्ज केला. सोबत मिडलमस्ट नावाच्या गणिताच्या प्राध्यापकाचं पत्र जोडलं होतं. त्यात मनमिळाऊ, हसतमुख काही नव्हतं. मुलाला गणितात असामान्य गती आहे आणि तो आकडेमोडीत चपळ आहे, एवढंच. त्याला जागा मिळाली. तो रामानुजन. प्राध्यापकाला जेवढं ठाऊक होतं तेवढंच त्याने लिहिलं, आणि जगातल्या सर्वांत थोर कारकुनाला ते पुरलं.

आणि पत्रातला एखादा शब्द किती महाग पडतो हे आपल्या पूर्वजांनाही चांगलं ठाऊक होतं. जैमिनी अश्वमेधातला चंद्रहास आठवा. दुष्टबुद्धी प्रधानाने त्याच्याच हाती पत्र दिलं, की आणणाऱ्याला ‘विष’ द्यावं. प्रधानाची मुलगी विषया हिने ते वाचलं आणि काजळाने एक ‘या’ वाढवला. चंद्रहासाला विषाऐवजी विषया मिळाली. एका अक्षराने माणसाचं मरण टळून लग्न झालं. (ह्यात फारसा फरक नाही असं आमचे काही विवाहित सभासद म्हणतात, पण ते मनमिळाऊ आहेत.) सांगायचं म्हणजे, पत्र आणणारा बिचारा बंद पाकीट घेऊन भरवशाने निघालेला असतो. आत काय लिहायचं ही आपली जबाबदारी आहे.

अध्यक्षसाहेबांनी सही केली नाही ती नाहीच. मग मी शिक्क्याशिवाय, स्वतःच्या सहीने पत्र दिलं आणि खाली लिहिलं, ‘चूक निघाल्यास मला कळवावं. येऊन निस्तरीन.’

पत्र पाकिटात घालण्याआधी खजिनदारांना वाचायला दिलं. चंद्रहास मला नको होता. त्यांनी चष्मा पुसला, पत्र वाचलं आणि खिशातून लाल पेन काढलं. “तीन नव्हे, चार. २०१७ची कोजागरी विसरलात.” मी दुरुस्त केलं. गुडघ्याच्या ओळीवर ते जरा जास्त वेळ थांबले. काही बोलले नाहीत. कागदाची नीट घडी घातली आणि म्हणाले, “तुमची ह्या तिमाहीची वर्गणी राहिलीय.”

दीड महिन्याने सांगलीहून उत्तर आलं. ‘आपलं पत्र व गृहस्थ, दोन्ही पोचले. ताडून पाहिले, बरोबर आहेत. खजिनदारपद दिलं आहे. पहिल्याच महिन्यात आमच्या अध्यक्षांशी चहाच्या बिलावरून वाजलं. घाटावर हात देत आहोत. आणखी कुणाला पाठवायचं असल्यास असंच पत्र द्यावं. मनमिळाऊ आमच्याकडे पुरेसे आहेत.’

मी ते फळ्यावर लावलं. अध्यक्षसाहेबांनी दोनदा वाचलं. त्यांचा मुलगा पुण्याला असतो आणि तेही आता तिकडे जायचं म्हणताहेत. परवा सहज विचारल्यासारखं करून म्हणाले, “चिटणीस, माझं पत्र कोण लिहिणार?”

म्हटलं, “मीच.”

तेव्हापासून पाहुण्यांच्या चहाचे पैसे ते स्वतःच्या खिशातून देतात.